ससाण्यांचं घर आणि डोहाची वाट

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील धुळ्यात सुतारकाम करत, मोठा झाल्यावर मीही तेच करू लागलो. एका छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या दुरुस्त करायला ते वरचेवर जात आणि येताना वाया गेलेले छापील कागद घेऊन येत. आई त्यांत हळद-तिखट बांधायची. मी पुड्या सोडवून वाचायचो. वेठ, जुलूम, स्वाभिमान, बहिष्कार हे शब्द मी हळदीच्या वासासकट शिकलो. ते तेव्हा मला खरे वाटत होते आणि आजही वाटतात. ज्याने मला फसवलं तोही हेच शब्द बोलायचा, आणि माझ्यापेक्षा चांगले बोलायचा.

तो मला वाचनालयात भेटला. साक्रीच्या पुढे डोंगराकडे एक लहानसं इनामाचं गाव आहे, तिथल्या इनामदारांचा हा पुतण्या. इनामदारांना मूल नव्हतं, त्यामुळे पुढे सगळं याच्याकडेच यायचं होतं. गावात त्याला भाऊसाहेब म्हणत. वाचनालयात मीही तसंच म्हणालो तेव्हा त्याने माझा हात धरला.

"साहेब गावाकडे. इथे तू म्हण. नाहीतर मी तुला मिस्त्रीसाहेब म्हणेन."

तो खादी घालायचा आणि पत्रकं मोठ्याने वाचायचा. वेठीवरचं एक पत्रक वाचताना त्याचा आवाज भरून आला होता. इनामदाराच्या घरातला माणूस वेठीवर रडतो, हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "रडला ना, मग बरंय. आता थांबवतो का ते बघ."

एका हिवाळ्यात तो मला म्हणाला, "काकांनी ससाणे घेतलेत. दोन मोठे बहिरी आणि थोडे लहान शिकरे. गोठ्याजवळच्या खोलीत ठेवलेत, त्यातला एक मेलासुद्धा. त्यांना नीट घर हवंय. तुझ्या वडिलांनी असं काम केलंय ना?"

वडिलांनी केलं होतं. तरुणपणी ते एका संस्थानाच्या शिकारखान्यात सुतार होते, आणि ससाण्याचं घर कसं असतं हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते डोळे मिटून बांधू शकलो असतो. पण मी म्हणालो, "इनामदारांच्या शिकारीसाठी मी रंधा धरणार नाही."

"शिकार काकांची. बांधकाम आपलं," तो म्हणाला. "त्या गावात आजवर इनामदाराचं एकही काम रोजावर झालेलं नाही. सगळी वेठ. हे पहिलं काम रोज देऊन होईल, तसं मी काकांकडून कबूल करून घेतलंय. एकदा हातात रोज पडला की उद्या कोण फुकट येईल? सांग, तुझ्या पत्रकाने हे होईल की तुझ्या रंध्याने?"

मी घरी येऊन वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "पाखरू कोणाचंही असो, खोली अंधारी आणि दमट असेल तर मरतं. जा."

त्या गावाची विहीर होळीपर्यंत आटते. गावाखालून जाणारी नदीही उन्हाळ्यात कोरडी पडते, पण एका वळणावर खडकात खोल डोह आहे, तो आटत नाही. डोहाच्या काठावर वाळूत खणलेला एक झिरा आहे. गावाचं प्यायचं पाणी तिथलं. वाट इनामदारांच्या आमराईच्या कडेने उतरते. जमीन इनामाची, पण वाट गावाची, असं कोणाला विचारलं तरी सांगत. लिहिलेलं कुठे काही नव्हतं, आणि लिहायची गरज कधी कोणाला वाटली नव्हती.

भाऊसाहेबांनी मला तीच जागा दाखवली. (गावात पाऊल टाकल्याबरोबर मला त्याला 'तुम्ही' म्हणावं लागलं. त्याने एकदाही अडवलं नाही.) डोहाच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या सावलीत, एक उंचवटा होता. खालून पाण्यावरचा गार वारा येत होता. जागा उत्तम होती. मी म्हणालो, "पण इथून गावाची वाट आहे. घर वाड्याच्या मागे घेऊ."

"तिथे चुलीचा धूर आहे. धुराने पक्षी मरतात, तूच सांगितलंस."

सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

आम्ही मोजमाप करत असताना बायका पाणी भरायला आल्या. त्यांच्यात पुढे एक थोराड विधवा बाई होती. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. श्रावणात गावाची देवी, कानबाई, तिच्या घरी बसते. हंडा खाली ठेवून तिने दोरी बघितली, खुंट्या बघितल्या.

"हाई काय चालू शे?"

"पाखरांचं घर, अक्का," मी म्हणालो.

"पाखरूना बंगला? बांधा ना भाऊ, बांधा. मन्हं घर गये साली गळत व्हतं, तव्हय कोनी दोरी नही आनी." बायका हसल्या. मग ती भाऊसाहेबांकडे वळली. "पन आमनी वाट कोठे जाई?"

"वाट आहे तिथेच राहील, अक्का."

"तुम्ही म्हनतस. तुमना काका काय म्हनतीन?"

तेव्हा भाऊसाहेबांनी वहाणा काढल्या, धोतर खोचून ते डोहात उतरले, आणि ओंजळभर पाणी घेऊन उभे राहिले. "डोहाची शपथ. वाट बंद होणार नाही." पाणी हळूहळू बोटांमधून गळत होतं. त्या गावात डोहाचं पाणी हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाही. अक्काने त्यांच्याकडे पाहून हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका पत्रकातलं पान जिवंत होऊन समोर उभं आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गाव कामाला आलं. रोजासाठी आलं, तसं त्या शपथेसाठीही आलं.

ते काम मी आयुष्यात केलेल्या कामांपैकी सगळ्यांत चांगलं होतं. आज ते सांगताना राग येतो, तरी सांगतो. भिंती हातभर जाडीच्या मातीच्या घेतल्या, वर गवताचं जाड छप्पर. खिडक्या उत्तरेला, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. खिडकीला बांबूच्या कामट्या उभ्या लावल्या. आडव्या लावल्या तर पक्षी त्यांना लटकतो आणि शेपटीची पिसं मोडून घेतो. जाळीही नको, तिच्यात नख्या अडकतात. दारं दोन, एकामागे एक. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. बसायच्या दांड्यांना काथ्या गुंडाळला आणि खाली पोत्याचा पडदा सोडला. बिचकून उलटा लटकलेला पक्षी त्या पडद्याला धरून परत वर चढतो. दांड्या एकमेकींपासून इतक्या दूर की बहिरीची चोच शिकऱ्याला लागणार नाही. जमिनीवर नदीची चाळलेली वाळू, आणि कोपऱ्यात उथळ दगडी पात्र, आंघोळीसाठी.

इनामदारांनी पाखरं सांभाळायला बाहेरगावाहून आणलेला बाजदार सगळं फिरून बघायचा. तोंडात कायम पान.

"वा, मिस्त्री! माझी खोली बघितली का तुम्ही? तिच्या दाराला कडी नाही."

"मग तुम्ही इथेच राहा."

"राहिलो असतो. पण हे बहिरी मला शेजारी म्हणून घेणार नाहीत. खानदानी आहेत."

वाळू चाळणारी माणसं खो खो हसली. अक्काच्या घरून कधी भाकरी-ठेचा यायचा. गावातली माणसं मला विचारायची, पुढच्या कामालाही रोज मिळेल ना? मी छाती फुगवून सांगायचो, मिळेल.

घर पुरं झालं त्या दिवशी इनामदार स्वतः आले. त्यांना आबासाहेब म्हणत. गावची माणसंही जमली होती. आबासाहेबांनी दारं उघडून बघितली, कामट्या हलवून बघितल्या, मग भाऊसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "मिस्त्री, आता पिसं झडायच्या दिवसांत काय काय जपायचं ते आबासाहेबांना नीट सांगा."

मी सांगितलं. का नाही सांगणार? ते माझं शास्त्र होतं. उन्हाळा लागला की ससाण्याची जुनी पिसं झडतात आणि पावसाळा सरेपर्यंत नवी येतात. नवं पीस कोवळं असतं, त्याच्या दांडीत रक्त असतं. त्या दिवसांत पक्षी उपाशी राहिला किंवा पुन्हा पुन्हा घाबरला, तर वाढत्या पिसावर आडवी फिकट रेघ उमटते. पुढे पीस नेमकं त्या रेघेवर मोडतं, मग तो पक्षी वर्षभर नीट उडत नाही. म्हणून त्या काळात घराजवळ कुत्रं नको, ढोल-ताशा नको, माणसांचा गलका नको.

"ऐकलंत?" भाऊसाहेब आबासाहेबांना म्हणाले. आबासाहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक झालं. मी धुळ्याला परत आलो.

पुढचा उन्हाळा भाऊसाहेब वाचनालयात फिरकले नाहीत. मला वाटलं, पिकापाण्याचं काही असेल. ज्येष्ठात साक्रीच्या बाजारात लाकूड बघायला गेलो होतो, तर मागून ओळखीचा आवाज आला.

"या, या, पाखरूसना मिस्त्री!"

अक्का मिरच्यांच्या ढिगामागे बसली होती. मी हसून जवळ गेलो. ती हसली नाही.

"बठ्ठा गाव तुन्हं नाव लेस, भाऊ. बाया कोसभर पानीले जातस नि तुन्हंच नाव लेतस."

"का? डोहाला काय झालं?"

"डोह शे ना जागेवर. वाट नही. चैतमा काट्या लाई टाक्यात. आम्ही वाड्यावर गवूत, तर म्हने मिस्त्रीनी सांगेल शे. कुत्रं नको, ढोल नको, मानूस नको. तूच सांगेल शे ना? बठ्ठा गावना समोर?"

ती मिरच्यांवरून हात फिरवत राहिली. "पानी हातमा लेईसन बोलना व्हता तो. त्यानावर नही, आम्ही तुन्हावर इस्वास ठेवा व्हता. तू कामवाला मानूस."

त्याच दुपारी मी गावात गेलो. आमराईच्या कडेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि फाट्यावर गावातलाच एक माणूस राखणीला बसला होता. त्याने मला ओळखून मान खाली घातली आणि सोडलं. मी उतारावरून पाखरांच्या घराकडे निघालो, आणि मला आवाज ऐकू आला.

मोटेचा आवाज. चाक करकरत होतं, बैल हाकणारा वरच्या पट्टीत ओरडत होता, पाणी धबधब पडत होतं. डोहाच्या काठावर, माझ्या घरापासून दगड मारला तर पोहोचेल इतक्या जवळ, नवी मोट बसवली होती. पाणी पाटाने आमराईपलीकडच्या नव्या उसाकडे चाललं होतं.

मी दुहेरी दारातून आत गेलो. पक्षी दांडीवर होते, मोटेच्या प्रत्येक करकरीला अंग आवळून घेत होते. वाळूवर बहिरीचं एक नवं पीस मोडून पडलं होतं. मी ते उजेडात धरलं. मधोमध आडवी फिकट रेघ होती, आणि तिथेच ते तुटलं होतं.

शांतता पक्ष्यांसाठी हवी असती तर ही मोट तिथे आली नसती. डोह उसासाठी हवा होता. ते सरळ म्हटलं असतं तर गाव उठलं असतं. म्हणून आधी पाखरं, मग पाखरांचं घर, मग पाखरांची झोप, आणि ती झोप माझ्या तोंडून. जागा निवडण्यापासून सगळं त्या एका उतारावर घरंगळत आलं होतं.

भाऊसाहेब वाड्याच्या ओसरीवर भेटले. खादीच होती अंगावर.

"तू डोहाची शपथ घेतली होतीस," मी म्हणालो. गावात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हणालो.

"हळू बोल. काका आत आहेत." मग तो मला समजावू लागला, अगदी वाचनालयातल्या आवाजात. "वाट कायमची बंद नाही. पिसं येईपर्यंतच. तूच सांगितलंस."

"आणि मोट?"

"मोटेची पक्ष्यांना सवय होते."

"बायकांच्या पावलांची होत नाही?"

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "हे बघ, दसऱ्यानंतर मोठे साहेब, म्हणजे कलेक्टर, शिकारीला येणार आहेत. इनाम माझ्या नावावर चढायचं तर त्यांची मर्जी लागते. उसाचे चार पैसे लागतात. एकदा सगळं माझ्या हाती आलं की वाट काय, अख्खी आमराई गावाला देईन. रोज मी दिलाच ना सगळ्यांना? वेठ घेतली का? तत्त्व मी सोडलेलं नाही."

हे तो मनापासून बोलत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

श्रावणात मी कानबाईला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. रविवारी अक्काच्या घरी कानबाई बसली. नारळालाच डोळे, नथ, कुंकू लावून चौरंगावर तिची स्थापना करतात. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, ढोल वाजवत डोहावर बोळवायला नेतात. नदीला एरवी त्या दिवसांत गढूळ पूर असतो; त्या वर्षी पाऊस ओढला होता, विहीरही अजून कोरडी होती. पण पूर असो नसो, कानबाईला डोहच लागतो. त्या गावात दुसरीकडे कधीच बोळवली नाही.

मिरवणूक काट्यांपाशी आली तेव्हा भाऊसाहेब पुढे उभे होते, मागे वाड्यावरची माणसं. त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"मिस्त्री, तुम्ही तरी सांगा यांना. बहिरीची लांब पिसं आत्ता येताहेत. ढोल तिथे गेला तर पक्षी वाया जातील. तुम्हाला चालेल?"

हे सगळ्यांत वाईट होतं. त्यांना माहीत होतं की मला चालणार नाही.

"मोट कधी थांबवलीत?" मी विचारलं. खालून करकर ऐकू येतच होती.

अक्काच्या डोक्यावर कानबाई होती. तिने मान न हलवता विचारलं, "भाऊसाहेब, मोटना आवाजमा पाखरू झोपस, नि कानबाईना गानामा मरस का हो?"

मागे बायका हसल्या. राखणीचा माणूसही हसला, आणि मग भाऊसाहेबांनी पाहिलं म्हणून खोकला. इतक्यात खालचा आवाज बंद झाला. मोटकरी गावातलाच होता. कानबाई येतेय म्हटल्यावर त्याने बैल सोडून दिले होते आणि तो हात जोडून बाजूला उभा राहिला होता. मग राखणीच्या माणसाने कोणालाही न विचारता काट्या ओढल्या. डोक्यावर देवी असलेल्या बाईला हात लावून अडवायची हिंमत वाड्यावरच्या एकाही माणसात नव्हती. मिरवणूक उतरली. पाखरांच्या घराजवळ आल्यावर ढोलवाल्याने मला विचारलं, "वाजाडू का?" मी अक्काकडे पाहिलं. तिने बोटानेच थांब म्हटलं, आणि घर ओलांडेपर्यंत बायका नुसत्या हळू आवाजात गात गेल्या.

मंगळवारी काट्या पुन्हा लागल्या. भाऊसाहेबांनी राखणीचा माणूस बदलला.

पण बुधवारी सकाळी अक्का हंडा घेऊन वाटेवर आली. हंड्यावर नारळ, नारळाला कुंकू. नवा राखणदार उठून उभा राहिला. "हाई कानबाईनं पानी शे," ती म्हणाली, आणि चालत राहिली. तिच्यामागे दुसरी, तिच्याही हंड्यावर नारळ. तिच्यामागे राखणदाराची बायको. तो काट्या बाजूला करून उभा राहिला. तेव्हापासून गाव तसंच पाणी भरतं. रोज, नारळ ठेवून, वाटेत न बोलता. त्यामुळे पाखरं घाबरतात असंही कोणाला म्हणता येईना. काट्या अजून लागतात आणि अजून रोज सकाळी निघतात. मोटही चालू आहे.

मी पत्रकात जे वाचलं होतं त्यात असं काही नव्हतं. मला वाटायचं, अन्याय दिसला की माणसं मूठ वळून उभी राहतात. गावाने मूठ वळली नाही, नारळ विकत आणले. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गावाची वाट गावालाच देवीच्या नावाने मागून घ्यावी लागली.

दिवाळीनंतर भाऊसाहेब वाचनालयात आले. ग्रामसुधारणेवर बोलले. सुंदर बोलले. आपल्या गावात वेठ कशी बंद झाली ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "गावाच्या धर्मभावनेचा मान राखून मी स्वतः खाजगी जमिनीतली वाट पाण्यासाठी मोकळी करून दिली." टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो आणि विचारलं, "डोहावरची मोट कोणाची आहे?"

"मिस्त्री आपल्यावर रागावलेत," भाऊसाहेब हसून म्हणाले. "कारागीर माणूस, मनाने हळवा." सगळे समजूतदारपणे हसले. माझ्या शेजारच्याने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

सभा संपल्यावर भाऊसाहेबांनी मला पायऱ्यांवर गाठलं. खांद्यावर हात ठेवला, आधीसारखाच.

"सोड ना ते. एक चांगली बातमी आहे. मोठ्या साहेबांना पाखरांचं घर फार आवडलं. त्यांच्या बंगल्यावर तसंच हवंय. मी तुझंच नाव सांगितलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखर आनंदात होता.

"तिथे कोणाची वाट अडवायची आहे?" मी विचारलं.

त्याच्या कपाळावर आठी पडली. प्रश्न त्याला झोंबला नव्हता, कळलाच नव्हता. त्याने दोनदा विचारलं, "कसली वाट?" मी त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला आणि घरी आलो.